सगुणाबाईंच्या खळ्यावरची ताडपत्री

मित्रांनो, जवळ आलात तर नाक मुरडू नका. माझ्या अंगाला वास येतो हे मला ठाऊक आहे. त्यात थोडं मेण आहे, थोडं मीठ आहे, आणि बराचसा वास सगुणाबाईंच्या गोठ्याचा आहे. मी जुनी ताडपत्री आहे. हल्ली बाजारात मिळते ती निळी, चुरचुर वाजणारी प्लास्टिकची पोरगी मी नव्हे. मी जाड सुती कापडाची, मेण पाजलेली, कडेला पितळी कड्या ठोकलेली आहे. माझी घडी उचलायला दोन माणसं लागतात, आणि उचलताना दोघंही कुरकुरतात. कुरकुरू देत. आभाळ भरून आलं की हीच माणसं माझी आठवण काढत धावतात.

माझा जन्म ठाण्याच्या कोलशेतचा. खाडीच्या अंगाला एक पत्र्याची शेड होती. तिथे मारुती नावाचे कारागीर दिवसभर शिलाईयंत्रावर वाकून बसलेले असायचे. कापडाचे लांब पट्टे ते दुहेरी शिवणीने जोडायचे, मग शिवणीवर अंगठ्याने मेण घासायचे. ‘ताडपत्रीची परीक्षा उन्हात होत नाही,’ असं ते म्हणायचे. तेव्हा मला ते कळलं नव्हतं. मी नवी कोरी होते, अंगाला कडक वास होता आणि डोक्यात हवा होती.

पहिली नोकरी मला ट्रकवर लागली. ट्रकचे ड्रायव्हर होते पंढरीदादा, खडवलीकडच्या एका गावचे. आम्ही मिठागरांतलं मीठ वाहिलं, विटा वाहिल्या, कल्याणच्या तबेल्यांना पेंढा वाहिला. एकदा शीळफाट्याला ढगफुटीसारखा पाऊस लागला. पुढचा रस्ता दिसेना. आमच्यामागच्या गाडीतलं मीठ अक्षरशः रस्त्यावर वाहून गेलं, आणि आमचं मात्र पोत्यात कोरडं ठणठणीत राहिलं. पंढरीदादांनी गाडी उभी केली, माझ्यावर दोन थापा मारल्या आणि म्हणाले, ‘शाब्बास, बाय.’ एवढंच. पण मला अजून आठवतं. कौतुक थोडंच मिळालं की ते पुष्कळ दिवस पुरतं.

पुढे मालकांनी ट्रक विकला. ड्रायव्हरला निरोपाचं काही द्यायची रीत असते. मालकांनी विचारलं, तेव्हा पंढरीदादांनी घड्याळ मागितलं नाही की कपडे मागितले नाहीत, मलाच मागून घेतलं. मी त्यांच्या अंगणात उतरले, तेव्हा त्यांच्या बायकोने, म्हणजे सगुणाबाईंनी, कमरेवर हात ठेवून माझ्याकडे पाहिलं.

‘बाकीचे नवरे नोकरी सोडताना साडी आनतात,’ त्या म्हणाल्या, ‘आनि ह्यांनी गोदरी आनली. ती पन मिठाची.’

पंढरीदादा नुसते हसले. त्या वर्षी कार्तिकात अवकाळी पाऊस आला, मी खळ्यावर भाताच्या भाऱ्यांवर पसरले, आणि सगुणाबाईंनी मला पुन्हा कधी गोधडी म्हटलं नाही.

इथली शेती कशी असते, ते तुम्हाला सांगायला हवं. ती सगळी पावसाच्या भरवशावरची आहे. नदी जवळ आहे, पण सगुणाबाईंचं शेत वर माळाला आहे. तिथे पाटाचं पाणी नाही, पंप नाही. पावसाळ्यात भात घ्यायचं. ते कापलं की जमिनीतल्या उरल्यासुरल्या ओलीवर वाल टाकायचे आणि पहाटेच्या दवावर ते वाढतात का ते बघत बसायचं. मग पुढच्या मृगापर्यंत जमीन भाजलेल्या भाकरीसारखी तडकून पडते. गवताची हिरवी काडी कुठे नजरेला पडत नाही. तेव्हा गुरांनी खायचं काय? तर पेंढा. भात झोडून दाणा काढला की उरलेला पेंढा खळ्यावर उन्हात वाळवायचा आणि त्याची गंजी रचायची. ती गंजी म्हणजे गुरांचं आठ महिन्यांचं जेवण.

पूर्वी गावात दारोदारी दावणी होत्या. मग बंगल्यांच्या स्कीमवाले आले. जमिनी गेल्या, गुरं गेली. सगुणाबाईंच्या घरचीही खालची जमीन गेली आणि तिच्या जागी घराला स्लॅब आला, मोठा हॉल आला, पांढरी फरशी आली, एवढा थोरला टीव्ही आला. वरचा एक तुकडा मात्र सगुणाबाईंनी विकू दिला नाही. आणि गोठ्यात एक म्हैस राहिली, रतन. रतन याच गोठ्यात जन्मली. धार काढायला सगुणाबाई बसल्या तर दूध, दुसरं कुणी बसलं तर लाथ. असा तिचा सरळ हिशेब.

माझेही दिवस पालटले. मुलगा प्रितम शहाडहून निळी प्लास्टिकची ताडपत्री घेऊन आला. हलकी, चकचकीत. मला गोठ्याच्या आढ्यावर टाकलं. तिथे उंदरांनी माझा एक कोपरा कुरतडला, कबुतरांनी संसार थाटला. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण प्लास्टिकच्या त्या पोरीच्या दुसऱ्याच उन्हाळ्यात चिंध्या झाल्या, आणि सगुणाबाई शिडी लावून वर आल्या. त्यांनी मला खाली ओढलं, झटकलं, आणि दाभण घेऊन माझ्या कुरतडलेल्या कोपऱ्याला गोणपाटाचं ठिगळ लावलं. टाके वाकडेतिकडे होते. पण पक्के होते.

आता यंदाची गोष्ट सांगते.

गेल्या वर्षी सगुणाबाई डोक्यावर भारा घेऊन खळ्यावर घसरल्या आणि त्यांच्या कमरेत उसण भरली. डॉक्टरांनी कमरेला पट्टा दिला आणि वजन उचलायचं नाही म्हणून सांगितलं. तेव्हापासून त्यांची सून भावना त्यांच्यावर नजर ठेवून असायची. मित्रांनो, भावनाला वाईट समजू नका. तिचं माहेर दिवा स्टेशनजवळचं. तिथे नळाला पाणी यायचं नाही. तिच्या आईने टँकरचं पाणी हंड्याहंड्याने जिन्यावरून वर वाहिलं आणि त्यातच कंबर गमावली. आता ती माउली उठून बसायलाही दुसऱ्याचा हात मागते. म्हणून सासूने बादली उचलली की भावनाचा जीव वरखाली व्हायचा.

‘आई, ठेवा ती खाली. मी आहे ना,’ ती म्हणायची.

सगुणाबाई बादली ठेवायच्या. मग विळा ठेवला. मग टोपली ठेवली. मग नुसत्या पायरीवर बसून राहायला लागल्या. रतनची धार तेवढी त्यांच्याकडे राहिली, तीही रतन दुसऱ्या कुणाला जवळ येऊ देत नव्हती म्हणून.

भात कापणीच्या आधी एके दिवशी जेवणं झाल्यावर प्रितमने विषय काढला. मी गोठ्याच्या दारात घडी होऊन पडले होते, मला सगळं ऐकू येत होतं.

‘आई, रतनला काळूशेठच्या तबेल्यात देऊया,’ तो म्हणाला. ‘कल्याणला चांगली राहील ती. इथे पेंढा वाहायचा, शेण काढायचं, आणि तू ऐकत नाहीस. एखाद दिवशी पुन्हा पडशील.’

‘मी काय काचेची हाय?’ सगुणाबाई म्हणाल्या.

‘काचेची नाही, पण कंबर तर गेलीय ना तुमची,’ भावना म्हणाली. ‘मी एकीची बघितलीय. दुसरीची नाही बघणार.’

 मग पंढरीदादांनी मध्यस्थी केली. ते आता गुडघ्यांमुळे ओट्यावरून फारसे हलत नाहीत, पण तोंड शाबूत आहे. त्यांनी तोडगा काढला. यंदा कापणी-झोडणीला माणसं लावायची. घरचा पेंढा पावसाळ्यापर्यंत पुरेल एवढा निघाला, तर रतन राहील. कमी पडला, तर तुळशीची लग्नं उरकल्यावर काळूशेठ येतील आणि घेऊन जातील. बाहेरून पेंढा आणायचा नाही. आणि आणणार तरी कुठून? आजूबाजूला सगळीकडे यंत्राने कापणी. यंत्र दाणा घेतं आणि पेंढ्याचा चुरा शेतातच उडवून देतं.

सगुणाबाईंनी मान डोलावली. त्या दिवसापासून त्यांचं सगळं लक्ष पेंढ्यात अडकलं. माणसं भात झोडत, तेव्हा त्या खळ्याच्या कडेला बसून ओरडत, ‘हलूच मार, काडी तुटते.’ दाणा पोत्यात भरून घरात गेला, त्याचं त्यांना काही वाटलं नाही. पेंढा उन्हात पसरला, तेव्हा मात्र त्यांनी तो हातात घेऊन वास घेतला आणि रतनकडे बघून म्हणाल्या, ‘पुरल गं. यंदा पुरल.’

पेंढा चांगला होता. सोन्याच्या रंगाचा, कडकडीत. आणखी एक-दोन उन्हं खाल्ली की गंजी रचायची, असं ठरलं. तोवर रात्रीच्या दवासाठी मी होतेच.

आणि इथेच माशी शिंकली.

दिवाळीनंतर आमच्या भागात क्रिकेटच्या टूर्नामेंट सुरू होतात. गावागावात. लग्नाला गेलं नाही तर चालतं, पण फायनलला जायलाच हवं. प्रितमची टीम फायनलला होती, आणि पिच ओलं झालं की चेंडू उठत नाही. चुकून पाऊस आलाच तर झाकायला काहीतरी हाताशी हवं होतं. आता गावची रीत अशी की ज्याच्या घरी ताडपत्री, ती सगळ्या गावाची. हळदीचा मांडव असो, सत्यनारायण असो, मला कुणी नाही म्हटलेलं नाही. प्रितम सकाळी टेम्पो घेऊन खळ्यावर आला.

‘आई, ताडपत्री नेऊ का? आजचा दिवस फक्त. ऊन बघ कसलं भारी पडलंय.’

सगुणाबाईंनी आभाळाकडे पाहिलं. निळंभोर होतं. पेंढ्याला उघडंच ठेवायचं होतं. म्हणून त्यांनी मला जाऊ दिलं.

‘ने जा. पन दुपारच्याला आन.’

‘आणतो ना,’ प्रितम म्हणाला.

मी मैदानावर गेले. माझी घडी सीमारेषेच्या बाहेर टाकली आणि तिच्यावर पोरं बसली. वडापाव खाल्ले, माझ्या अंगाला हात पुसले. दुपार झाली, मॅच रंगात आली, आणि दुपारपर्यंत आणायचं वचन टाळ्या-शिट्ट्यांत कुठल्या कुठे गेलं. मग खाडीकडून वारा सुटला. त्या वाऱ्याला ओला वास होता. मी जन्मले खाडीकाठी, मला तो वास ओळखू येतो. पण मला विचारतो कोण?

बघता बघता आभाळ काळं झालं. पोरांनी धावत येऊन मला उचललं आणि पिचवर पसरलं. टपोरे थेंब माझ्यावर पडायला लागले. माझ्याखाली पिच होतं कोरडं, आणि तिकडे सगुणाबाईंचा पेंढा उघडा. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय.

प्रितम माझ्याजवळच उभा होता. एकदम त्याचा चेहरा उतरला. ‘अरे, आईचा पेंढा,’ तो म्हणाला आणि त्याने माझी कड धरून ओढायला सुरुवात केली.

‘ए, पागल झाला काय?’ टीमचा कॅप्टन नयन ओरडला. ‘तीन ओव्हर बाकी आहेत. पिच गेलं तर सगळं गेलं.’

‘जाऊ दे,’ प्रितम म्हणाला. तो एकट्यानेच मला ओढत होता. मी जड, त्यात भिजलेली. नयनने क्षणभर पाहिलं, शिवी दिली आणि दुसरी कड धरली. मॅच तिथेच संपली.

आम्ही खळ्यावर पोचलो, तेव्हा सगुणाबाई पावसात उभ्या होत्या. डोक्यावर पदर, कमरेला पट्टा. हातांनी पेंढा गोळा करून त्यांनी मधोमध ढीग केला होता, पण एका माणसाचे हात ते किती. वरचा पेंढा भिजून काळपटला होता. आत किती पाणी गेलं ते कळत नव्हतं. प्रितमला बघूनही त्या पेंढा गोळा करतच राहिल्या. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, की तो पाऊस होता, मला सांगता येणार नाही.

मग त्याने मला ढिगावर घातलं. आणि कसं घातलं, काय सांगू. चारी बाजूंनी जमिनीपर्यंत ओढलं, कड्यांतून दोऱ्या ओवल्या, खुंट ठोकले, कडेने दगडांची रांग लावली. वारा जायला फटसुद्धा ठेवली नाही. बैल गेला नि झोपा केला, असं मी म्हणणार होते, पण त्याचा चेहरा बघून माझ्याने म्हणवेना. बिचारा मनापासून करत होता.

पाऊस थांबला नाही. दुसऱ्या दिवशीही नुसती रिपरिप चालू होती. आणि मित्रांनो, माझ्या पोटाखाली काय चाललं होतं ते फक्त मलाच कळत होतं. ओला पेंढा दाबून झाकला की उबतो. आतल्या आत तापतो, घाम आल्यासारखा वाफारतो, मग आंबूस वास सुटतो आणि त्याच्यावर पांढरी बुरशी चढते. असा पेंढा गुरं तोंडात धरत नाहीत. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, छान झाकलंय. माझ्या पोटाला चटके बसत होते, आणि मला तोंड नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी सगुणाबाई आल्या. माझ्या एका कडेतून वाफेची बारीक रेघ निघत होती. त्यांनी दगड सरकवून माझ्याखाली हात घातला आणि पटकन बाहेर काढला.

‘प्रितम,’ त्यांनी हाक मारली, ‘उघर ही. पेंढा उबलाय.’

‘आई, पाऊस पडतोय,’ प्रितम म्हणाला. ‘आता उघडलं तर उरलेलाही जाईल. तू घरात बस बरं. मी बघतो.’ आणि त्याने तो दगड पुन्हा जागेवर ठेवला, वर आणखी एक ठेवला, आणि कामाला निघून गेला.

सगुणाबाई घराकडे वळल्या. पायरीपर्यंत गेल्या. तिथे थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग परत आल्या आणि वाकून दगड उचलायला लागल्या.

पहिला दगड उचलताना त्यांनी ओठ दाबले. दुसरा ढकलला. तिसऱ्याला भावना धावत आली. तिच्या हाताला पीठ लागलेलं होतं.

‘आई, काय करताय तुम्ही? सोडा. डॉक्टर काय बोलले? पेंढा राहू दे, म्हैस राहू दे, तुम्ही...’ तिचा आवाज फुटला. ‘तुम्हाला काही झालं तर मी काय करू?’

सगुणाबाई उठल्या नाहीत. तिथेच माझ्या कडेला बसल्या.

‘भावना,’ त्या म्हणाल्या, ‘हात घाल आत.’

‘कशाला?’

‘घाल तर.’

भावनाने माझ्याखाली हात घातला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. ‘गरम आहे,’ ती म्हणाली. ‘आई, हे खूप गरम आहे.’

‘परवा भिजला तवा काय झालं नवतं त्याला. पसरला असता तर सुकला असता. ह्यो पावसानी नाय जात, झाकून जातोय,’ सगुणाबाई म्हणाल्या. मग थोडं थांबून, पावसाकडे बघत म्हणाल्या, ‘तुमी माझं पन असंच केलाय बाय. मायेनी केलाय, मना कलतं. विला घेतला, टोपली घेतली, आता म्हैस घेताय. दिसभर पायरीवर बसतंय मी. कंबरेचं दुखनं परवारलं, पन ह्यो बसनं नाय सोसत.’

 पावसाचं पाणी तिच्या हातावरचं पीठ धुऊन नेत होतं. मग ती खाली बसली आणि दोन्ही हातांनी दगड बाजूला सारायला लागली.

‘पण उघडून न्यायचं कुठे?’ ती म्हणाली. ‘गोठा गळतोय. पडवी एवढीशी.’ तिने घराकडे पाहिलं. ‘हॉलमध्ये नेऊया.’

आता सगुणाबाई घाबरल्या. ‘अगं, पांढरी फरशी हाय.’

‘पुसता येते,’ भावना म्हणाली.

मित्रांनो, त्या दिवशी त्या घरात जे झालं, ते मी ओट्यावर पडल्या पडल्या पाहिलं. भावनाने सोफा ढकलून भिंतीला लावला. टीपॉय अंथरुणांच्या खोलीत गेलं. नयनला फोन केला, तर तो दोन पोरं घेऊन आला आणि आल्या आल्या म्हणाला, ‘वहिनी, फायनल गेली ती गेली, आता हा सामना तरी जिंकू.’ त्यांनी गरम, वाफाळता पेंढा कवळ्यांनी आत आणला आणि फरशीवर पातळ पसरला. हॉलमधले, खोल्यांतले, सगळे पंखे पूर्ण वेगात सोडले. सगुणाबाई मधोमध बसून सडलेला एकीकडे, बरा एकीकडे असं निवडत होत्या. कोण कुठे पसरतंय, उलटून कधी घालायचा, सगळं त्या सांगत होत्या आणि सगळे ऐकत होते. त्यांचा आवाज पहिल्यासारखा खणखणीत लागला होता. पंढरीदादांना सोफ्यावर बसवलं, तर त्यांच्याही मांडीवर एक पेंढी आली.

‘पंख्याखाली बसायला मिलालं नाय कधी मला एवढं,’ ते म्हणाले. ‘पेंढ्याचं नशीब चांगलं.’

संध्याकाळी प्रितम घरी आला आणि दारातच थबकला. कुणी त्याला काही समजावलं नाही. भावनाने त्याच्या हातात एक ओली पेंढी दिली. ती त्याच्या हातात कढत लागली, आणि तो बूट काढून गुपचूप खाली बसला.

ऊन पडलं, तुळशीची लग्नं झाली, आणि ठरल्याप्रमाणे काळूशेठ टेम्पो घेऊन आले. माणूस भला. त्यांनी हॉलमध्ये डोकावून पाहिलं आणि म्हणाले, ‘पेंढा हॉलमध्ये, मग म्हैस काय बेडरूममध्ये ठेवलीत?’ सगळे हसले. पण मग ते खळ्यावर गेले. गंजी रचून झाली होती, उरलेला थोडा तेवढा हॉलमध्ये होता. त्यांनी अनुभवी नजरेने सगळं पाहिलं आणि हसू आवरलं.

‘होळीपर्यंत जाईल, सगुणाताई. पुढे नाही पुरणार.’

सगुणाबाईंना ते आधीच माहीत होतं. बराच पेंढा सडून खतात गेला होता. बोली ती बोली. त्या उठल्या, गोठ्यात गेल्या आणि रतनचं दावं सोडायला लागल्या. गाठ सुटेना. रोज सोडतात ती गाठ, पण त्या दिवशी त्यांच्या बोटांना जमेना. मी गोठ्याच्या दाराशी होते. मला आजवर खूप पाऊस लागला, पण असं भरून कधी आलं नव्हतं.

‘राहू दे, आई,’ भावना मागून म्हणाली. मग काळूशेठकडे वळून म्हणाली, ‘सॉरी हां शेठ, तुम्हाला फुकट फेरी पडली. म्हैस द्यायची नाही.’

‘आनि खायला काय घालशील?’ सगुणाबाई म्हणाल्या. ‘ठरलं होतं ना?’

‘माळावर गवत उभं आहे ना अजून? कुणी कापतच नाही ते,’ भावना म्हणाली. ‘मला विळा धरता येत नाही. तुम्ही दाखवा.’

प्रितमने तिच्याकडे पाहिलं, मग आईकडे. ‘रविवारी मॅच नाही,’ तो म्हणाला. ‘मीही येतो.’

काळूशेठ चहा पिऊन रिकाम्या टेम्पोने कल्याणला गेले. जाताना रतनच्या पाठीवर थाप मारून गेले.

रविवारी आम्ही माळावर गेलो. हो, मीसुद्धा. कापलेलं गवत माझ्यात बांधून खाली ओढत आणायचं होतं. गवत सुकत आलेलं, कमरेएवढं. भावनाने पहिल्याच मुठीला बोट कापून घेतलं. सगुणाबाईंनी तिच्या बोटाला पाला चोळला, तिचा हात हातात धरून विळा कसा तिरका ओढायचा ते दाखवलं, आणि मग स्वतः बसल्या बसल्या कापत राहिल्या. थकल्या की थांबत होत्या. कुणी त्यांना थांबवलं नाही. दुपारपर्यंत मी पोटभर भरले. दगडांवरून घसटत उतरताना माझी एक जुनी शिवण उसवली, पण गवताची काडी मी सांडू दिली नाही.

निघायच्या वेळी सगुणाबाईंनी गवताचा एक छोटा भारा बांधला आणि तो समोर ठेवून नुसत्या उभ्या राहिल्या.  प्रितम तो उचलायला वाकला. भावनाने त्याचा हात धरला. मग तिने सासूच्या कमरेचा पट्टा नीट आवळला, स्वतःच्या ओढणीची चुंबळ करून त्यांच्या डोक्यावर ठेवली, आणि तो भारा दोन्ही हातांनी उचलून त्यांच्या डोक्यावर चढवला.

‘एवढाच हं, आई,’ ती म्हणाली. ‘आणि दुखलं तर सांगायचं.’

‘सांगन,’ सगुणाबाई म्हणाल्या, आणि पुढे चालू लागल्या. भावना त्यांच्या मागून, हात पुढे धरून, पण न शिवता चालली होती.

मित्रांनो, मला आता फार दिवस नाहीत. उसवलेली शिवण कुणी शिवली तर आणखी एखादा कार्तिक काढीन. माझ्यासारखं जुनं कापड तुमच्या घरी असेल तर वापरल्यावर उन्हात घाला, ओलं घडी करू नका, एवढं माझ्यासाठी करा. बाकी सांगायचं ते असं. पाऊस आला की झाका, जरूर झाका. मी आयुष्यभर तेच केलं. पण झाकून निघून जाऊ नका. मधून मधून हात घालून बघा.